खोका रडत नाही

केटरिंगच्या आमच्या नर्सरीत खुर्च्या वीतभर उंच.
बेसिन माझ्या गुडघ्याशी,
कोटांच्या खुंट्या कमरेशी,
वाळूची पेटी तर जमिनीलाच टेकलेली.
सकाळी पावणेआठला या एवढ्याशा जगात शिरते
तेव्हा मी पाच फूट सात इंच.
सहाला बाहेर पडताना किती उरते,
मोजलेलं नाही.

आई म्हणायची, मान खाली घालावी लागेल
असं काही करू नकोस.
आई, दिवसभर खालीच आहे गं.
तेवीस कोट, तेवीस चेनी,
विल्फच्या चेनीत अस्तर अडकणारच.
टेबलाखाली वाटाणे.
तेमीच्या बुटाची नाडी,
एक बांधेपर्यंत दुसरी सुटते.

मानेमागे, जिथे कॉलरचं लेबल टोचतं ना,
तिथे कुणीतरी दाभण ठेवून दिलाय
आणि बहुतेक विसरलंय.

फिजिओथेरपिस्ट भेटली नऊ आठवड्यांनी, तीही फोनवर.
मग टपालाने पत्रक आलं.
चित्रातला माणूस गुडघ्यात वाकतो, पाठ सरळ,
खोका छातीशी धरून उठतो,
बाजूला हिरवी खूण.
मीही केलं तसं, दोन दिवस.
पण खोका रडत नाही.
खोका गळ्यात हात टाकून
सगळ्या वजनानिशी मागे रेलत नाही.
खोक्याला शेंबूड नसतो.

लोरेन मॅनेजर आहे, तिची स्वतःची कंबर कधीच गेलेली.
म्हणाली, चाकांचं बुटकं स्टूल मागवू, एप्रिलनंतर.
आता ऑक्टोबर.

रात्री मुकुंद तेल चोळतो.
इथे? खाली.
इथे? जरा डावीकडे.
सोळा वर्षांत माझा पत्ता
इतक्या नेटाने त्यानं शोधला नव्हता.

शनिवारी सुपरमार्केटात तेमी दिसली, आईचं बोट धरून.
मी हसले.
ती बघत राहिली माझ्या कोटाच्या दुसऱ्या बटणाकडे,
मग वर, मग अजून वर,
जिथे तिच्या ओळखीचं कुणीच राहत नव्हतं.

बटाट्यांची पिशवी खाली ठेवली
आणि वाकले.
पत्रकातल्यासारखी नाही. रोजच्यासारखी,
कमरेतून, मानेसकट, चुकीची.

"मिस वैजू!"

आईला ओढत आली ती,
आणि काही न बोलता
उजवा पाय पुढे केला.
नाडी सुटली होती.