दोन बोटं पांढरं

बेसिनच्या कडेला चिकटलेला एक केस.
टाकून देणार होते,
पण खिडकीशी धरला तर
टोकाला काळा, मध्ये पांढरा,
आणि मुळाशी पुन्हा काळा.

असं कुठं असतं का?
पिकलेला आंबा कधी पुन्हा कैरी झालाय?

लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी आणली.
केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो.
वीस वर्षं संडरलंडच्या इस्पितळात
मी लोकांच्या हाडांचे फोटो काढते,
मापाशिवाय मला काही खरं वाटत नाही.

मुळापासून सहा काळे: ऑगस्टपासून मागं मार्चपर्यंत.
त्याआधी चार पांढरे, दोन बोटं भरतील एवढे.
फेब्रुवारी, जानेवारी, डिसेंबर, नोव्हेंबर.
उलटं मोजत गेले तसा हिवाळा पुन्हा अंगावर आला:
सलग रात्रपाळ्या, दोघी आजारी,
तिसरीच्या जागी कुणाला घेतलंच नाही,
पहाटे चारला सांगलीहून धाकट्याचा फोन,
"बाबांचं क्रिएटिनिन परत वाढलंय, ताई, काय करू?"
आणि मी कॉरिडॉरमध्ये उभी,
शिशाचा एप्रन काढायचं भान न राहून.

"बरी आहेस ना, पेट?" चहावाली डोरीन विचारायची.
बरी आहे, मी म्हणायचे. तेव्हा ते खरंच वाटायचं.

आत कुणीतरी कारकून बसलेला असणार.
पगार तेवढाच, मागणारे दहा.
आधी काळजाला दे, ते दार ठोठावतंय.
पायांना दे, पळायचंय म्हणे
(कुठं, ते कुणी सांगत नाही).
जखमांनो, थांबा. झोपे, उद्या ये.
आणि केसाच्या मुळाशी बसलेल्या रंगाऱ्याला:
या महिन्यात नाही जमायचं.
तो बिचारा डबा झाकून बसून राहिला
चार महिने.

मग फेब्रुवारीच्या अखेरीस
गाड्या लावतो तिथं बर्फावरून घसरले.
मनगट. माझ्याच खात्यात माझाच फोटो;
झाहिदनं काढला, म्हणाला, छान आलाय.

सहा आठवडे घरी.
पहिला आठवडा घाण्यावरून सोडलेल्या बैलासारखा,
मोकळी असूनही गोलच फिरत होते.
मग झोपले.
मग आणखी झोपले.
मग रोकरच्या बाकावर, समुद्राकडं तोंड करून,
प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून.

तिथं नॉर्मन यायचा, एक्याऐंशीचा,
गोदीत जहाजं जोडलेला.
म्हणाला, आमच्या सांध्यांचेही फोटो काढायचे, पोरी.
एक थर चढवायचा, मग थांबायचं.
तो निवायच्या आत दुसरा चढवलास
तर चीर आत राहते. वरून चकचकीत.
"मग ती दिसते कधी?"
त्यानं काठीनं समोर दाखवलं.
करडं पाणी, लांबवर एक बोट.

तेव्हा मी हसले होते.
रंगारी बहुतेक त्याच सुमारास
डब्याचं झाकण उघडत होता.

पण एक केस म्हणजे काही डोकं नव्हे.
आरशात बाकीचे पांढरे ते पांढरेच आहेत.
गुडघा जिना चढताना बोलतो.
बाबांचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी;
चाळीस वर्षं गिरणीत पाळ्या केल्या त्यांनी,
त्यांना कुणी वेळेवर बर्फावरून पाडलं नाही.
नॉर्मनचा बाक जूनपासून रिकामा आहे,
आणि मी अजून विचारलेलं नाही.

केस वहीत चिकटपट्टीनं लावलाय.
खाली तारीख घातली. दुसरं काय लिहायचं सुचेना.

सप्टेंबरचा ड्यूटीचा तक्ता आलाय:
माझ्या नावापुढं सलग सात रात्री.
सकाळपासून पेन हातात धरून बसलेय.
वरच्या मजल्यावर लेक ओरडतेय,
आई, माझी पट्टी कुठाय?