नऊ आणि बावीस

काचेवर रक्त जिभेसारखं ओढावं लागतं.
फार जाड नको, फार पातळ नको,
टोकाला पिसासारखं विरत गेलेलं.
निपाणीत, अडत दुकानाच्या माडीवर
एकोणीस वर्षं मी हेच करतोय.
खालून तंबाखूची धूळ येते,
म्हणून काच वाळेपर्यंत तिच्यावर वाटी पालथी.

बहुतेक सकाळी तेच ते.
विडी वळणाऱ्या बायांचं रक्त:
पेशी लहान, मधे फिकट, कडेला तेवढी लाली,
थापता थापता पीठ संपल्यासारख्या.
मी लिहितो, लोह कमी.
त्या गोळ्या नेतात, आठव्या दिवशी सोडतात.

गोदाक्का कमतनुरे त्याच रांगेतली वाटली.
दम, रात्रीचा घाम,
सहा महिने लाल टॉनिक चालू.
"डाव्या अंगाला कायतरी बसलंय बघा," म्हणाली,
"सूप मांडीवर घेतलं की आडवं येतंय."

नळी उभी ठेवली की खाली लाल, वर पिवळं,
मधे पांढरा थर, नखाच्या कडेएवढा.
तिच्या नळीत तो बोटाच्या पेराएवढा.

तेलाचा थेंब टाकला, भिंग उतरवलं.
आठवडी बाजार.
पांढऱ्या पेशी खांद्याला खांदा लावून,
पाळण्यातल्या, शाळेतल्या, मिसरूड फुटलेल्या, पिकलेल्या,
सगळ्या वयाच्या एकदम रस्त्यावर,
घरी थांबा म्हणून कुणी सांगितलंच नसावं.
शंभर मोजायच्या असतात.
मी मराठीतून मोजतो, पण गडबडलो की
हुबळीच्या कोर्सचे आकडे तोंडात येतात,
ऐदु, आरु, येळु.
त्या दिवशी शंभरपर्यंत कानडीतच गेलो.

रोगाचं नाव मी लिहीत नाही, ते माझं काम नव्हे.
लिहिलं: तज्ज्ञांना दाखवा, आजच.
'आजच'खाली दोन रेघा.

बेळगावच्या मॅडमनी काय सांगितलं
ते मला सांगायला ती मुद्दाम माडी चढून आली.
नऊ नंबरचा तुकडा तुटून बावीसला चिकटला,
बावीसचा नऊला.
पेशीच्या आत, कुणाला न विचारता.
"म्हंजे आपल्या गावांगतच की.
रेघ मारणारा येगळा, नांदणारा येगळा."
ती हसली. मला हसू आलं नाही.
"मग तुकडा परत जातोय?"
"नाही. पण गोळी घेतलीत तर
त्या सांध्यातून सुटणारा हुकूम बंद राहतो."
"किती दिवस?"
"रोज."
"ते इचारलं न्हाई मी," म्हणाली.

माहेरचं कार्ड कागलचं, सासरचं इकडचं.
एकात गोदावरी, दुसऱ्यात गोदव्वा.
योजनेच्या खिडकीशी जे दोन महिने गेले
ते रोगाने नाही खाल्ले, त्या 'व्वा'ने खाल्ले.

पंचवीसच्या कट्ट्याची सवय हाताला,
तीस गोळ्यांचं पाकीट तिला पाच जास्तीचं वाटायचं.
सकाळी डोळे सुजायचे, रात्री पोटऱ्यांत गोळे.
एकदा नऊ दिवस बंद केलं, कुणाला सांगितलं नाही.
मला आकड्यांवरून कळलं.
काही बोललो नाही. नुसता कागद तिच्याकडे फिरवला.

आज दीड वर्षाने तिची काच पुन्हा भिंगाखाली.
मोकळ्या वाटा, तुरळक माणसं,
कंटाळा यावा इतकी शांत.
"गेलं?"
"दिसत नाही."
"दिसत न्हाई आन् न्हाई, ह्यात फरक हाय न्हवं?"
आहे.
म्हणून बेळगावला दुसरी नळी जाते,
हजारांत लपलेला एक हुडकणाऱ्या यंत्राकडे,
दर तीन महिन्यांनी.

जाताना म्हणाली, ती पयली काच दाखवा.
डबीतून काढली. जांभळा रंग जरा उडालाय.
तिने एक डोळा तळहाताने झाकला,
दुसरा नळीला लावून बराच वेळ उभी राहिली.
"एवढी माणसं. ह्यांना जेवाय कोण घालत हुतं?"

मग स्वतःच, "मीच की,"
आणि चिकोडीची बस किती वाजता, ते विचारलं.