पाणी ओढतं तेव्हा

पांढऱ्या टोपणाची डबी, वर माझंच अक्षर:
शालन टिकम, वय एकोणचाळीस, सर्जेकोट.
पदराखाली धरून आणली तिनं,
चोरलेल्या सुरमईच्या तुकडीसारखी.
"जळजळता," म्हणाली. मग मागे कुणी नाही बघून,
"सारखा जावचा लागता. नि गेलंय तर थेंबभर."
चिठ्ठीवर डॉक्टरांची एकच ओळ मराठीत:
भरपूर पाणी प्यावे.

दुसऱ्या दिवशी प्लेट उघडली.
रातांब्याच्या आगळात बोट बुडवून
कुणी ठिपके काढत बसावं, तशी गुलाबी वाढ.
ओळखीचा आहे हा. आतड्यात
गुण्यागोविंदानं नांदणारा,
दोन बोटांचं अंतर ओलांडून
भलत्या घरात शिरलेला.

पुढचं माझ्या भिंगाला दिसत नाही, वाचलेलं सांगते.
त्याच्या अंगावर शेकडो केस.
केस कसले, गुंडाळून ठेवलेल्या दोऱ्या,
प्रत्येकीच्या टोकाला प्रथिनाची एक चिमूट.
आणि मूत्राशयाच्या आतल्या पेशी
साखरेची झालर लेवून बसलेल्या.
मॅनोज म्हणतात त्या साखरेला.
चिमूट चाचपडते, साखर सापडते,
धरते.
पण सैल. निवांत असलं की सोडते,
पुढच्या पेशीकडे सरकते, पुन्हा धरते.

मग धार येते.
आपल्याला वाटतं, आता गेला वाहून.
धार ओढते
आणि चिमूट मिटते.
दोरी उलगडत जाते, लांब, आणखी लांब,
भरतीच्या वेळी नांगरलेल्या होडीची जशी,
हिसका सोसते, तुटत नाही,
आणि ओढ थांबली की आपणच गुंडाळून घेते.
जेवढं ओढाल तेवढं घट्ट.
रात्री जेवताना हे आठवलं
आणि घास तसाच हातात राहिला.

शरीर काही बसून नसतं.
तीच साखर लावलेली आमिषं सोडतं धारेत.
काही फसतात, आमिषाला धरून बाहेर जातात.
उरलेल्यांसाठी पेशीच सोलून टाकतं.
आई आचऱ्याच्या खाडीत कालवं काढायची,
कोयतीनं वरची शिंप उडवायची, जीव वाटीत.
खालची शिंप खडकालाच राहायची,
तिच्या धारेनं माझ्या पायाला अजून एक रेघ आहे.
इथं मात्र खडकच आपला पापुद्रा उतरवतो,
कालवासकट.
खालच्या थरात एखादा आधीच शिरून झोपलेला असतो,
ही गोष्ट मी शालनला सांगितली नाही.

रिपोर्ट न्यायला आली तेव्हा म्हटलं,
गोळ्या पाच दिवस, मध्ये सोडायच्या नाहीत. आणि पाणी पी.
हसली.
"पहाटे चारपासून जेटीवर बसतंय.
पाणी पिऊन जावचा खंय?
बापये होडयेच्या आडोशाक जातत.
संडास बांधलोहा, लादी लावलीहा, कुलूप लावलाहा.
चावी सेक्रेटरीकडे. सेक्रेटरी मालवणात."
बारा जणी बसतात तिथं. बाराही जणी
सकाळचा चहासुद्धा अर्धा कप घेतात.
गेल्या वर्षभरात त्यांतल्या सात जणींची नावं
मी डब्यांवर लिहिली आहेत.
मला वाटायचं, उन्हाळा आहे.

रविवारी गेले जेटीवर.
बर्फाचं पाणी, बांगड्यांची खवलं, कावळे,
लिलावाचा आवाज वर चढत चाललेला.
मागे तो संडास. दारावर उद्घाटनाची तारीख.
कुलूप खाऱ्या वाऱ्यानं फुगलेलं, हिरवट.
धरलं आणि ओढलं.
कडीत आणखी रुतलं.
पुन्हा ओढलं, दोन्ही हातांनी,
तळव्यावर गंज उतरला.

शालननं टोपलीवरून मान उचलली.
"ओढू नको गो," ती ओरडली,
"सैल सोड नि फिरव."

चावी तर नव्हतीच.
तरी मी हात सैल सोडला.