दौरा गट, वही पहिली

वही कंपनीची. ओव्हरटाइमची.
मागची कोरी पानं फाडून मी दोऱ्याने शिवली.
स्टॉपवॉचही कंपनीचंच: शनिवारी डब्याच्या पिशवीतून घरी,
सोमवारी आठच्या भोंग्याआधी परत ड्रॉवरमध्ये.
तुर्भ्याच्या टाइम-ऑफिसात कुणी विचारलं नाही
पोतनीसबाई रविवारी कुणाची मिनिटं मोजतात.

सानपाड्याला तेव्हा सेक्टर नव्हते, भराव होता.
मिठागरावर मुरूम, मुरमावर रोलर,
रोलर गेला की आमची फक्की.
आठ फेऱ्यांत पुसून जायचा तो लंबगोल,
मग इनास फर्नांडिस फाटक्या पायमोज्यातून
पुन्हा रेघ सोडत चालायचा,
आपल्याच रेघेवर पाय पडू नये म्हणून तिरका तिरका.

गाड्या पाच.
टॅक्सीतून निवृत्त झालेल्या तीन पद्मिनी,
एक हेरल्ड, दार दोरीने बांधलेली,
आणि पदाजी म्हात्र्याची अँबॅसिडर,
जमिनीच्या पहिल्या चेकातली.
घरी सांगितलेलं, वऱ्हाडाला भाड्याने देऊ.

फेऱ्या मी चिंचोक्यांनी मोजल्या.
गाडी गेली की तिच्या डब्यात एक.
धुळीत रंग दिसायचे नाहीत, आवाज ओळखावे लागत:
पद्मिनी खाकरते, हेरल्ड शिंकते,
अँबॅसिडर जाते ती जेवून उठल्यासारखी.

दुसऱ्या वर्षी बोलावणी आली.
मानकोलीहून, उरणहून, पळस्प्याच्या एका वीटभट्टीवाल्याकडून.
मुनीर पटवे म्हणाला, माझा ट्रक आहे, चढवा गाड्या.
पदाजी उकिडवा बसून नट घासत होता.
मान वर न करता म्हणाला,
"गारी आपल्या चाकांवं यवाला पायजे,
आन् आपल्या चाकांवं घरा जावाला पायजे."
सगळे हसले. मी लिहून घेतलं.
नियम पहिला, आणि तेव्हा तरी एकुलता.

त्या एका ओळीने काढलेल्या सीटा परत बसल्या.
डबे आले, पाण्याचा कॅन, क्लचची जादा वायर,
उरणच्या शर्यतीला तर पदाजीची आईसुद्धा,
माहेर वाटेत म्हणून.
सानपाड्यातच फिरणारे ते भराव गट.
आम्ही दौरा गट.

पळस्पे, एप्रिल.
दोन चिंचोके बाकी असताना
अँबॅसिडरने पांढरा धूर सोडला आणि गप्प झाली.
गॅस्केट.
मुनीरचा ट्रक समोर उभा, फळी खाली पाडलेली.
त्याच्याकडे कुणी बघेना.
पदाजीने चपला काढून डॅशबोर्डवर ठेवल्या
आणि मागे जाऊन डिकीला हात लावले.

सुंदरेशन नियमाचा माणूस. त्याने विचारलंच:
ढकलणं हे आपल्या चाकांवर धरायचं का?
"चाका कोनाची हान?" पदाजी म्हणाला.
वाद तिथेच मिटला.

कळंबोली. खारघर. रात्र.
पुढे हेरल्डचा एक दिवा, मागे इनासची बॅटरी,
मध्ये आम्ही पाळीपाळीने, नंतर पाळ्या विसरून.
माझ्या साडीला ग्रीस,
पिशवीत चिंचोके सांडलेले, कुठले कुणाचे कळेना.
बेलापूरच्या चढावर कुणी बोललं नाही.

मग उतार लागला.
आधी ती हाताबरोबर चालली, मग हातापुढे,
मग पदाजी ओरडला, चढा,
आणि आम्ही धावत धावत आत पडलो, नऊ जण,
कुणाचा पाय खिडकीबाहेर, कुणाचं कोपर माझ्या पोटात.
इंजिन नाही, आवाज नाही,
नुसता वारा आणि टायरची सळसळ.
त्या गटात एवढ्या वेगाने कुणी कधी गेलं नसेल.
स्टॉपवॉच हातात होतं.
दाबायचं राहिलं.

वहीत पळस्प्याच्या पानावर
पहिला, दुसरा, तिसरा, तिन्ही रकाने कोरे.
खाली माझ्या अक्षरात एकच शब्द: पोचली.

सोमवारी मी नऊ वाजून दहा मिनिटांनी पोचले.
टाइम-ऑफिसच्या रजिस्टरात
माझ्या नावापुढे लाल शाई,
मीच भरलेली.