बाल्दोमेरोच्या घोडीबद्दल

एलेउतेरियो सोसा फोनवर एवढंच विचारायचा:
"आला कुठून?"
जणू रोग नव्हे,
रात्री फाटक उघडं टाकून गेलेला कुणी माणूस.

त्याचा राखी घोडा दोन दिवस
एकाच खुंटाभोवती फिरत राहिला, डावीकडूनच.
मग कुंपणाला कपाळ टेकून उभा,
खालचा ओठ लोंबता,
तोंडात न चावलेलं गवत तसंच.
टाकीशी नेला, तर पाणी ओळखेना.
चौथ्या पहाटे आडवा झाला
आणि आडवाच पळत राहिला,
उन्हं वर येईपर्यंत.

त्याच्या मेंदूचा हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा
जानेवारीच्या उकाड्यात, बसच्या पोटातून,
थर्माकोलच्या खोक्यात धुरत आला.
नेलिदा इबार्गुरेनने सही केली.
वेळेच्या रकान्यात चुकून तारीख लिहिली, खोडली.

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
तिला दलदलीचं कूळ विचारायचं होतं.

चार अक्षरांची लिपी,
साडेअकरा हजार अक्षरं एका दमात.
वाचताना तीच जुनी गंमत पुन्हा भेटली:
हा विषाणू मुळात दोघांचा.
केव्हातरी, एकाच पेशीत
दोन परके मुक्कामाला उतरले
आणि निघताना एकाने
दुसऱ्याचा अंगरखा चढवला.
तेव्हापासून हाडं एकाची, कापड दुसऱ्याचं.
पेशीला काय,
ती कापड बघून दार उघडते.

संगणकावर वंशवृक्ष उभा राहिला.
सगळ्यात जवळची फांदी
परदेशातली नव्हती, शेजारच्या प्रांतातलीही नव्हती.
ती होती फ्रीझरच्या तळाशी,
एकेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका कुपीत.
चिठ्ठीवर पेन्सिलीने, सातचा आकडा एकसारखा काढणाऱ्या
निवृत्त तेओफिलोच्या अक्षरात:
"तांबडी घोडी. लागुना दे लास गार्सास."
सोसाचं तळं.

म्हणजे आला नाहीच.
इथेच होता.
लव्हाळ्यातल्या पाखरांच्या रक्तातून डासात,
डासातून पाखरात,
इतक्या वर्षांत मोजकीच अक्षरं बदलत,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
यंदा पाणी चढलं, डास मावेनात,
एक घोड्यावर बसला.

आणि घोडा म्हणजे त्याची बंद गल्ली.
घोड्याच्या रक्तात तो इतका विरळ
की पुढच्या डासाच्या हाती काही लागत नाही.
एवढा मोठा जीव गेला
तो कुणाच्याच उपयोगाचा नसताना.
हे वाक्य तिने अहवालात लिहिलं,
मग काढलं.

"घोड्याचं घोड्याला लागत नाही, सोसा."
पलीकडे कडू येर्बाचा चहा
नळीतून ओढल्याचा रिकामा सुर्र.
"म्हणजे बाल्दोमेरोच्या नव्या घोडीने आणला नाही?"
"नाही."

सहा आठवडे तो शेजाऱ्याशी बोलला नव्हता.
प्रार्थनेला बाकसुद्धा बदललं होतं,
खांबामागचं, जिथून पाद्री दिसत नाही.

"बरं," तो म्हणाला.
"पण तारसुद्धा त्याने मला गंजलेलीच विकली होती."

नेलिदा थांबली.
फोनमध्ये कुत्रं भुंकलं, कुणीतरी त्याला हाड केलं.

"लस टोचायला तुमचा माणूस येईल ना,"
सोसा म्हणाला,
"त्याला आधी तिकडे पाठवा.
बाल्दोमेरोची घोडी गाभण आहे."