लेअर दोन

दिग्रसच्या कॉलेजात कॅमेरा एकच, आणि आम्ही सत्तावीस.
माझी पाळी शुक्रवारी, तीन ते चार.
पट्टा गळ्यात अडकवताना उईके सर म्हणायचे,
आधी ऊन कुठून येतं ते बघ. बटन मग.

जिनिंगच्या फाटकाशी मी चिंधूमामाचे हात घेतले,
दोन्ही, सरकीच्या पोत्यावर ठेवलेले.
उजव्याची तर्जनी नाही.
मी चौथीत असताना पट्ट्यात गेली.

प्रॅक्टिकल होतं : जुन्या फोटोची दुरुस्ती.
मी डाव्या हाताचं बोट कापून घेतलं,
आडवं उलटवलं, कडा मऊ केल्या,
जोडावर कातडीचा रंग मिसळला.
नखातलं वंगण तसंच ठेवलं,
खरं वाटावं म्हणून.
सरांनी दहापैकी नऊ दिले.

मोबाईल घेऊन दाखवायला गेले.
मामानं चष्मा सदऱ्याला पुसला,
ओंजळीनं स्क्रीनवर सावली धरली
आणि मोजली. पाच.
"हे बोट कोनाचं होय?"
तुमचंच. डाव्या हाताचं.
"मंग याच्यावर ऊन इकडून कसं पडलं व?
बाकीच्या चारांवर त तिकडून हाय."
एवढं बोलून तो काट्यावर गाडी लावायला गेला.
केसांत, भुवयांवर रुई.

संध्याकाळी लॅबमध्ये फाइल उघडली.
पुसलं नाही.
लेअरच्या शेजारी एक बारका डोळा असतो,
त्यावर क्लिक केलं की बोट जातं,
पुन्हा केलं की येतं.
साडेसहाची एसटी लागेपर्यंत
मी तेवढंच करत बसले.