मातशें

इनासबाब ओंजळ भरतो, पाणी जिभेवर ठेवतो,
गालात फिरवतो, बांधापलीकडे थुंकतो.
"मातशें खारें."
मी वहीत लिहिते: मातशें. शेजारी मीटरचा आकडा, अकरा.

दिवाडीचं खाजन. कार्तिक. भात कापून झालेलं,
कोरगुटाच्या खुंटांत बगळे.
मानशीच्या फळ्यांना बाहेरून भरती खांदा लावून उभी.
बांधाच्या कमिटीने मला बोलावलंय ते या दारासाठी:
म्हातारा थकला, आता मशीनने उघडावं, मशीनने मिटावं.

मशीनला हो कळतं, नाही कळतं.
बारापर्यंत गोडं, बारानंतर खारं,
एवढंच शिकवलं तर ते बाराच्या आसपास
रात्रभर दार आपटत बसेल.
म्हणून शब्द गोळा करतेय.

दुसऱ्या दिवशी नऊ. "मातशें."
गुरुवारी चौदा. तो थांबला.
"मातशें... पूण खारें."
मी आलेखाच्या कागदावर कौलारू छपरं काढली,
एका शब्दाचा उतार दुसऱ्याच्या चढणीवर येऊ दिला.
चौदा म्हणजे, त्याच्या हिशेबात सांगायचं तर,
रुपयाच्या सोळा टांग्यांतले सहा मातशें, चार खारें.
"आनी उरिल्ले स?"
उरलेले कुणाचेच नाहीत, बाब. बेरीज जुळायलाच हवी असं नाही.
तो खूप वेळ हसला. पोर्तुगीज मास्तराने
नेमकी याच उत्तरासाठी त्याला छडी मारली होती.

पाणी मातशें खारं, भरती बरीच, तर दार थोडं.
भरती उतरणीला, पाणी गोडसर, तर दार बरंच.
असे अठरा नियम झाले.
कुठलाच पुरता खरा नाही, पुरता खोटाही नाही,
सगळे एकदम बोलतात, आणि मशीन
प्रत्येकाचं त्याच्या वजनाइतकं ऐकून घेतं.

पुनवेच्या रात्री मोटर जोडली.
दार वीतभर उचललं गेलं, न थरथरता.
सुंगटं आत शिरली, टॉर्चमध्ये डोळे तांबडे.
मला वाटलं, झालं.

इनासबाब उठला, दाराच्या चाकाला हात घातला,
चार बोटं खाली घेतलं.
"उदकाचें विचारलें तुवें. वाऱ्याचें ना."
मांडवीवरून वारा येत होता,
भरतीच्या पाठीला हात लावून तिला बांधाकडे ढकलत.
मी घाईने वही काढली. वारा किती?
त्याने गाल वर केला. फेरीबोट पलीकडे गेली,
परत निघाली.
"मातसो."

नवं छप्पर काढून कागद त्याच्यासमोर धरला.
चांदण्यात त्याची बुबुळं
कोवळ्या खोबऱ्यासारखी.
"दिसतं का, बाब?"
"दिसता गो," कागद सोडून भलतीकडेच बघत तो म्हणाला,
"मातशें."

मी टॉर्च वहीवरून काढला
आणि त्याच्या पायांपुढे, बांधाच्या वाटेवर धरला.